महाराजांच्या काळचं बडोदं खरंच सुखी होतं का?

अनुजा_रावपुरा

बडोद्याच्या मराठी घरात चार वडीलधारी माणसं एकत्र बसली की एक वाक्य हमखास येतं: "महाराजांच्या काळी असं नव्हतं." नळाला पाणी कमी आलं, रस्ता उखडला, नातवाला प्रवेश मिळाला नाही, की महाराजांची आठवण निघते. महाराज म्हणजे बडोदे संस्थानाचे राजे सयाजीराव गायकवाड. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. आमच्या बैठकीत त्यांची तसबीर पणजोबांपासून आहे आणि दर दसऱ्याला तिला हार असतो. पण या वाक्याशी माझं भांडण आहे, ते नीट मांडावं म्हणून हा धागा काढते आहे.

आजवा तलाव, कमाटीबाग, कलाभवन, बडोदा कॉलेज, सेंट्रल लायब्ररी अशी नावं घेऊन आपण म्हणतो, बघा, काय काळ होता! मला वाटतं, हे सगळं उभं राहिलं कारण तो काळ फार वाईट होता आणि राज्याच्या मुख्य माणसाला ते बघवेना. आजवा बांधावा लागला कारण शहर विहिरींचं आणि तळ्यांचं पाणी पीत होतं आणि पटकीने मरत होतं. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करावं लागलं, कारण आईबाप मुलांना, विशेषतः मुलींना, शाळेत घालत नव्हते. सक्ती म्हणजे पालकांना दंड होता, आणि दंड भरून मुलीला घरी ठेवणारी घरंही होती. १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी आली. मुलीचं वय किमान १२ आणि मुलाचं १६ हवं, एवढंच त्या कायद्याचं मागणं होतं. तेही लोकांना जाचक वाटलं. दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चात धरून लग्नं लागतच राहिली.

म्हणजे आपण ज्या गोष्टींसाठी त्या काळाचे गोडवे गातो, त्या गोष्टींना त्या काळच्या बहुतेक लोकांचा, आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांचा, विरोध होता.

आता थोडे आकडे. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे राज्याची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. मध्ये छप्पनचा दुष्काळ पडला (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००), पाठोपाठ रोगराई आली, काहींनी गाव सोडलं. पाचातला जवळजवळ एक माणूस दहा वर्षांत नाहीसा झाला. गुजराती शेजारी आजही कुणी अधाशासारखं जेवलं तर "छप्पनियातून आलास का" म्हणतात. त्या शब्दामागे केवढी प्रेतं आहेत!

आणि हे फक्त गरिबांचं नव्हतं. लक्ष्मीविलास राजवाड्याचं बांधकाम चालू होतं त्याच काळात, १८८५ मध्ये, महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई क्षयाने गेल्या. वय विशीच्या आसपास. युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये पंचविशीत गेले. ज्या घरात पैसा, डॉक्टर, हवापालट, विलायतेचे प्रवास, कशाचीच कमतरता नव्हती, तिथली ही गत. आज क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

महाराज चांगले की वाईट यावर हा धागा नको. आपापल्या घरातलं लिहा: तेव्हा कसं होतं, आत्ता कसं आहे, आणि तुम्हाला निवड दिली तर कुठे राहाल.

---

सुरसागर

अनुजाताई, धागा चांगला आहे. मी ऐंशीला आलो, माझा जन्म दांडिया बाजारातला. तुम्ही दिलेले आकडे मला मान्य आहेत. तरी मला काही सांगायचं आहे, ते आकड्यांत बसत नाही.

आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं होती. कुणाच्या घरी मर्तिक झालं तर त्या घरची चूल पेटत नसे, पण त्या घरातलं मूल उपाशी राहत नसे. पिठलं-भात शेजारून यायचा, कुणी सांगावं लागत नव्हतं. माणूस आजारी पडला तर रात्री उशाशी बसायला पाळ्या लागत. माझे वडील शेवटचे तीन महिने अंथरुणावर होते, तेव्हा आईला एकटीने एक रात्रही जागावं लागलं नाही.

आज मी अलकापुरीत चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, औषधं घरपोच येतात. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात. दोघं रोज फोन करतात, त्यांचा काही दोष नाही. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडलो आणि सकाळी पोळ्यांच्या बाई येईपर्यंत तिथेच होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये लोक होते. मी हाक मारली, पण दारं आता इतकी जाड असतात.

दुसरं म्हणजे गाणं. १८८६ पासून बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा होती, तिथे सामान्य घरातली मुलं शिकायची. फैयाझ खाँसाहेब दरबारचे गवई. ते १९५० ला गेले, पण माझे वडील कारकून असूनही त्यांनी खाँसाहेबांना समोर बसून ऐकलं होतं, तिकीट न काढता. माणिकरावांच्या आखाड्यात, जुम्मादादा व्यायाममंदिरात, मलखांब शिकायला कुणाला फी विचारली जात नव्हती. गरीब राज्याने एवढं दिलं. आज आपलं शहर तेव्हाच्या कितीतरी पट श्रीमंत आहे. गेल्या तीस वर्षांत आपण त्या तोडीचं काय बांधलं, ते मला कुणी सांगावं.

---

मीनाक्षी_वाडी

सुरसागरकाका, तुमचं न्हाणीघरातलं वाचून जीव कळवळला. पण वाड्यातल्या त्या पिठल्या-भाताबद्दल मला लिहायलाच हवं, कारण तो रांधणाऱ्यांपैकी एक माझी आजी होती.

आजी नवापुऱ्यातल्या एका मोठ्या वाड्यात सून म्हणून आली तेव्हा तेरा वर्षांची होती. पहाटे चारला उठायचं. आडावरून पाणी शेंदायचं, त्यातलं सोवळ्याचं वेगळं. मग जातं. चौदा माणसांच्या पोळ्यांचं पीठ रोजच्या रोज दळायचं, कारण सासूबाईंना शिळं पीठ चालत नसे. मग चूल. पावसाळ्यात लाकडं ओली, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. पन्नाशीत आजीला दम्यासारखा खोकला लागला तो शेवटपर्यंत गेला नाही, आणि तिने आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग बायकांची, तोवर आमटी तळाला गेलेली असायची. दुपारी निवडण-टिपण, पापड-कुरडया, संध्याकाळी पुन्हा चूल. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं, तेवढीच विश्रांती, आणि ती म्हणायची की त्या चार दिवसांत पाठीला जमीन लागली की रडू यायचं.

तिला नऊ मुलं झाली, पाच जगली. गेलेल्यांपैकी दोघांची बारशीच झाली नव्हती, म्हणून त्यांना नावं नाहीत. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यात आजीच्या नावापुढे पाच मुलं आहेत. उरलेली चार तिला सोडून कुणालाच माहीत नव्हती. सटवाईच्या पूजेला ती हात जोडून किती वेळ उभी राहायची! मला लहानपणी कळायचं नाही, माझ्या लेकीच्या वेळी कळलं.

आणि आत्याआजी. आजोबांची बहीण, लग्न नवव्या वर्षी, अकराव्या वर्षी नवरा प्लेगने गेला. मग केशवपन, आलवण (विधवेचं लाल लुगडं), एकभुक्त (दिवसातून एकदाच जेवण). तिने सत्तर वर्षं त्या वाड्यात काढली. सगळ्यांची बाळंतपणं केली, सगळ्यांच्या आजारपणात जागली. काका, तुम्ही म्हणता ना, रात्री उशाशी बसायला पाळ्या लागायच्या? आमच्या वाड्यात त्या पाळ्यांतली निम्मी पाळी आत्याआजीची असायची, कारण तिला दुसरं काही करायला परवानगीच नव्हती.

मला त्या काळात एक दिवसही जायचं नाही.

---

पोळवासी

मीनाक्षीताई, शब्द नाहीत. कुलवृत्तांताचं तर अगदी खरं. आमच्याही घराण्याच्या वंशावळीत मुलींची नावं 'कन्या २' अशी आहेत.

---

डॉ_फतेगंज

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मीनाक्षीताईंच्या आजीची नऊ आणि पाच ही गोष्ट अपवादाची नाही, हे सांगायला लिहितोय.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या वर पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आता हा आकडा तिशीच्या खाली आहे. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं की त्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मुख्य कारण १९१८ चा इन्फ्लुएंझा, ज्यात देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. त्या दशकातलं सरासरी आयुर्मान विशीच्या घरात होतं. स्वातंत्र्याच्या वेळी ते ३२ च्या आसपास होतं, आज सत्तरीच्या जवळ आहे.

माझ्या दवाखान्यात आजोबा मंडळी येतात आणि म्हणतात, "आम्ही वाटीभर तूप खायचो, कधी लस घेतली नाही, बघा कसे ठणठणीत!" मी त्यांना नमस्कार करतो आणि विचारतो, तुमची भावंडं किती होती? उत्तर द्यायला वेळ लागतो. मग एकेक निघतं: एक देवीने, एक गोवराने, एक "असाच ताप आला आणि". जे नव्वदीला पोचले ते आपल्याला भेटतात, म्हणून तो काळ निरोगी वाटतो. जे पोचले नाहीत त्यांचं म्हणणं कोण मांडणार?

बाळाची नाळ विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने कापली जायची. आठवडाभरात त्याचं तोंड उघडेनासं व्हायचं, दूध घेता यायचं नाही, अंग ताठ व्हायचं. धनुर्वात. घरचे म्हणायचे, बाहेरचं झालं. आईला गरोदरपणात टोचली जाणारी साधी लस आणि निर्जंतुक पातं एवढ्याने हे थांबतं. मी माझ्या सगळ्या नोकरीत नवजात बाळाचा धनुर्वात मोजका पाहिला आहे. माझ्या शिक्षकांच्या वॉर्डात त्या बाळांसाठी वेगळी अंधारी खोली असायची. देवीचा शेवटचा रोगी भारतात १९७५ मध्ये सापडला. पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २०१४ मध्ये आलं. माझ्या बरोबरीच्या लोकांच्या वर्गात पायाला लोखंडी पट्ट्या लावलेला एखादा मुलगा असायचाच. माझ्या मुलीच्या वर्गात एकही नव्हता.

दुसरी बाजूही आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये वाढलेली साखर मी आता पाहतो, हे माझ्या गुरूंनी पाहिलं नव्हतं. मुलं खेळत नाहीत, झोपत नाहीत. पण ज्या आजाराशी झगडायला वेळ आणि औषध दोन्ही आहेत, तो आजार आणि तीन दिवसांत मूल नेणारा आजार, यांत मी निवड करायला क्षणभरही घेणार नाही.

---

निळी_पहाट

इतके प्रतिसाद आले, पण वाड्याच्या बाहेर कोण राहायचं ते अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

१९१३ मध्ये बाबासाहेबांना बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये परत येऊन बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, राज्याचा अधिकारी, आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. ते कळल्यावर लोक लाठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकायचे. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला आणि बडोदं सोडलं. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आम्ही दर वर्षी जातो.

अनुजाताईंचं मुख्य म्हणणं मला पटतं, आणि ते इथे सर्वांत जास्त लागू पडतं. शिष्यवृत्ती देणारे महाराज त्या काळाचे, आणि लाठ्या घेऊन येणारेही त्याच काळाचे. महाराजांनी १८८० च्या दशकातच अंत्यजांसाठी (तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी) शाळा काढल्या, पण तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षक घ्यावे लागले, पुढे आर्यसमाजाचे आत्माराम पंडित पंजाबातून आले आणि त्यांनी ते काम वाढवलं. माझे पणजोबा अशाच शाळेत चार इयत्ता शिकले. त्या चार इयत्तांवर आमचं सगळं घर उभं आहे: आजोबा रेल्वेत लागले, वडील प्रतापनगरच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, मी बँकेत अधिकारी आहे. पणजोबांना शाळेत पाणी ओंजळीत वरून वाढलं जायचं.

तेव्हा निवड विचारली तर माझ्यापुढे निवडच नाही. तेव्हाचं बडोदं माझं नव्हतंच.

पण आजही सगळं झालं असं समजू नका. तीन वर्षांपूर्वी भाड्याने घर शोधताना फोनवर सगळं ठरायचं, आडनाव सांगितलं की "आम्ही कुटुंबाला विचारून सांगतो." १९१७ नंतर किती वर्षं झाली, मोजा.

---

रसिक_मांजलपूर

निळी_पहाट, प्रतिसाद दोनदा वाचला. धाग्याचं शीर्षकच आता अपुरं वाटतंय.

---

विश्वामित्री

एका बाबतीत मी ठामपणे म्हणेन की आपण मागे गेलो: नदी आणि पाणी.

आजवा शहरापासून वीसेक किलोमीटरवर, शहरापेक्षा उंचावर. तिथून पाणी उताराने शहरात आणलं. तो तलाव बांधला तेव्हा शहर लाखभर माणसांचं होतं, आणि वीस लाखांच्या वर गेलेलं शहर अजूनही काही प्रमाणात त्याच्यावर जगतं. शहरात आणि भोवताली तळी होती, त्यांच्यात जादा पाणी उतरायचं. विश्वामित्री वळणं घेत वाहायची, तिच्या घळी होत्या, पूर आला की त्या भरायच्या. त्या घळींत आपण भराव टाकला, सोसायट्या उभारल्या, तळी बुजवली.

पूर तेव्हाही यायचे. १९२७ चा पूर जुन्या लोकांच्या तोंडी होता. पण जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ आपण सगळ्यांनी भोगले. २०२४ मध्ये काळ्या घोड्याच्या पुलाशी पाणी ३७ फुटांच्या आसपास गेलं. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे लोक दोन दिवस गच्चीवर होते, वीज नाही, पिण्याला पाणी नाही, आणि पार्किंगमध्ये मगर. मगरी नदीच्या मूळच्या रहिवासी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आपणच त्यांच्या घरात घुसलो. दर पावसाळ्यात आता एकच संदेश फिरतो: आजव्याची पातळी किती फूट झाली? मुलं सुद्धा झोपण्याआधी तेच विचारतात.

सयाजीरावांच्या अभियंत्यांनी शंभर वर्षं पुढचा विचार केला. आपण पुढच्या पावसाळ्याचाही करत नाही. याचा राग मला रोज येतो.

---

अनुजा_रावपुरा

सगळ्यांना उत्तर देणं अवघड आहे, इतकं मोलाचं आलं आहे.

सुरसागरकाका, तुमचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त बोचला: श्रीमंत झाल्यावर आपण काय बांधलं? मला उत्तर सापडत नाही. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, तीन वर्षांत त्यांनी राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. सेंट्रल लायब्ररीत जमीन काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या कपाटांपर्यंत पोचावा! आणि खेड्यांसाठी लाकडी पेट्या, पुस्तकांनी भरलेल्या, एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या. ज्या राज्यात दहा वर्षांपूर्वी पाचातला एक माणूस नाहीसा झाला होता, त्या राज्याने पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. हा विचार करते तेव्हा अंगावर काटा येतो.

पण काका, एक विचारते. त्या काळाकडून घ्यायचं असेल तर वाडा घ्यावा की ती पेटी? वाडा आपोआप होता, पेटी कुणीतरी मुद्दाम, लोकांच्या नाराजीला न जुमानता पाठवली होती. कायदेही तसेच. १९३१ मध्ये बडोदे राज्यात हिंदू स्त्रीला घटस्फोट मागता येऊ लागला. सगळ्या देशात तो हक्क मिळायला १९५५ उजाडलं.

---

हिरल_जोशी_सासर

नमस्कार. मी जन्माने गुजराती, सासर मराठी. मराठी लिहिताना चूक झाली तर सांभाळून घ्या.

१९२४ मध्ये हंसाबेन मेहता यांनी ज्ञातीबाहेर लग्न केलं. त्या बडोद्याच्या दिवाणांची मुलगी, नागर ब्राह्मण, नवरा डॉ. जीवराज मेहता वैश्य. ज्ञातीत केवढा गदारोळ झाला! हंसाबेन पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. दिवाणांच्या मुलीला जे इतकं जड गेलं, ते माझ्यासारख्या शिक्षकाच्या मुलीला तेव्हा जमलंच नसतं. माझ्या लग्नात दोन्हीकडचे लोक होते, एका पंगतीत श्रीखंड आणि उंधियो होतं. सासूबाई मला पुरणपोळी शिकवतात, मी त्यांना हांडवो.

सुरसागरकाकांच्या एकटेपणाबद्दल: आमच्या सोसायटीत आम्ही सहा-सात घरांनी ठरवलं आहे की एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सकाळी आठच्या आत एक फोन करायचा. उचलला नाही तर जाऊन बघायचं, दुसरी किल्ली आमच्याकडे असते. पाळ्या लावल्या आहेत, आणि त्यांत पुरुष आहेत. काका, तुमच्या इमारतीत असं करायचं असेल तर मी येऊन बोलेन.

---

सुरसागर

हिरलबेन, जरूर या. समोरच्या फ्लॅटमधली मुलं चांगली आहेत, त्यांना मी कधी विचारलंच नाही.

अनुजाताई, पेटी की वाडा विचारलंत. माझ्या घरापुरतं उत्तर देतो.

माझी आजी रत्नागिरीकडून लग्न होऊन इथे आली, तिला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की पोस्टमनकडून वाचून घ्यायची, आणि माहेरचं दुःख पोस्टमनसमोर ऐकायची. माझी आई इथलीच, १९२० च्या सुमारास जन्मलेली. सक्तीच्या शिक्षणामुळे चार इयत्ता शिकली. तिचे वडील नाखूष होते, पण दंड परवडणारा नव्हता. लग्नानंतर दुपारी आवराआवर झाली की ती वाचायची. तिला स्वतः वाचनालयात जाणं शोभत नाही असं घरात मत होतं, म्हणून मी जायचो, ती कागदावर नावं लिहून द्यायची. सासूची चाहूल लागली की पुस्तक तांदळाच्या डब्यामागे जायचं. नंतर नंतर आजीच म्हणायला लागली, "अगं, मोठ्याने वाच, मलाही ऐकू दे." तेव्हापासून दुपारी आमच्या माजघरात शेजारच्या चार-पाच बायका बसायच्या आणि आई वाचायची. मीनाक्षीताई लिहितात तसा एक लाल आलवणातला चेहराही त्यांत होता.

---

मीनाक्षी_वाडी

काका, काय वाचायच्या त्या? आणि त्या आलवणातल्या बाई पुढे वाचायला शिकल्या का?

---

सुरसागर

सुरुवातीला हरिविजय, पांडवप्रताप, कारण त्याला सासू नाही म्हणू शकत नव्हती. मग हळूहळू कादंबऱ्या. मासिकं यायची, त्यांत पाककृतीच्या पानामागे विधवाविवाहावर लेख असायचे, तेही वाचले जायचे आणि मग सगळ्या गप्प बसायच्या.

हो, त्या शिकल्या. आईने धूळपाटीवर शिकवलं. पुढे त्यांनी म्युनिसिपालिटीच्या सुईणींच्या वर्गात नाव घातलं आणि पंचविसेक वर्षं वाडी-नवापुरा भागात बाळंतपणं केली, उकळलेल्या पात्याने. डॉक्टरसाहेबांना ऐकून बरं वाटेल.

---

डॉ_फतेगंज

फार बरं वाटलं. काका, त्यांच्याबद्दल घरात काही कागद, फोटो, वर्गाचं प्रमाणपत्र असेल तर जपून ठेवा. अशा स्त्रियांनी किती बाळं वाचवली ते कुठेच नोंदलेलं नाही.

---

अनुजा_रावपुरा

काका, यावर वेगळा धागा हवा. तुम्ही सांगा, मी टंकते. रविवारी हिरलबेनबरोबर मीही येते.